वाटीतली हवा

तांदळाने वाटी भरली की आपण म्हणतो, एक वाटी तांदूळ झाले. त्या वाटीत तांदळाबरोबर हवाही मुक्कामाला आलेली असते. दाणा दाण्याला टेकतो, पण सगळ्या अंगांनी टेकत नाही. मध्ये फटी उरतात, आणि वाटीतली साधारण चाळीस टक्के जागा या फटींचीच असते. खात्री करायची तर भरलेल्या वाटीत हळूहळू पाणी सोडून पाहावं. वर काहीच जागा दिसत नसताना किती पाणी आत जिरतं! तराजूला ही पोकळी कळत नाही. तो दाण्यांचा भार सांगून मोकळा होतो. वाटी मात्र दाणे आणि त्यांच्यामधली जागा दोन्ही एकदम मोजते. ‘दोनशे ग्रॅम म्हणजे किती वाट्या?’ हा रोजच्या स्वयंपाकातला प्रश्न या पोकळीतून जन्माला येतो. मला तो प्रश्न फार आवडतो. उत्तर देताना आपल्याला आकडेमोड कमी करावी लागते आणि दाणे जास्त ओळखावे लागतात.

आमच्या आजोळी माजघराच्या फळीवर धान्याची मापं एकात एक बसवून ठेवलेली असत. लहान मुलांना ती काढून पुन्हा बसवायला आवडायचं, आणि त्या खेळातच गणित शिकून व्हायचं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दुप्पट. पायलीत चौसष्ट निळवी बसतात हे कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. हातांना ते माहीत होतं. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, पण ती मोठ्यांची, खळ्यावरची भाषा. घरात चिपट्या-मापट्यांवर भागे. आज पाहुणे किती, यावर आजी चिपटं उचलायचं की मापटं, ते ठरवायची. तिने तांदूळ कधी तोलले असतील असं मला वाटत नाही. तोलायचं ते सोनं, हिंग, केशर, औषधं. जे थोडं आणि मोलाचं ते तराजूत. जे रोजचं आणि पोटाचं, ते मापात.

खळ्यावर रास पडली की मापारी मोजायला बसे. पहिलं माप ओतताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि मग दोन, तीन असं पुढे जायचं. माप शिगेचं की हात फिरवून सपाट केलेलं, हे आधी ठरलेलं असे. उंचावरून ओतलं तर दाणे जोराने पडून दाटीने बसतात. अलगद सरकवलं तर पोकळ राहतात. माप जमिनीवर दोनदा आपटलं तर पातळी खाली जाते आणि वर मूठभर धान्य आणखी मावतं. म्हणजे त्याच मापातून घेणारा जास्त घेऊ शकतो आणि देणारा कमी देऊ शकतो, नियम न मोडता. ‘मापात पाप’ असं आपण म्हणतो. त्या पापाची सगळी जागा दाण्यांमधल्या हवेत आहे. आणि पुण्याचीही तीच. काठावर शीग उभी करून देणाऱ्या बाईचा हात गाव लक्षात ठेवतं.

शीग किती उंच उभी राहील, हेही ज्याच्या-त्याच्या दाण्यावर आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त याचं गणित आहे. जमिनीवर धान्याची रास पडलेली असेल तर तिचा परीघ दोरीने मोजायचा. धान्य जाड असेल तर राशीची उंची परिघाचा दहावा भाग धरायची. बारीक असेल तर अकरावा. आणि भात-जवासारखं कुसळाचं असेल तर नववा. मग परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला या उंचीने गुणायचं, की राशीचं घनफळ हातात. नऊ, दहा, अकरा. मोहरीसारखा बारीक, गुळगुळीत दाणा घसरत जातो, पसरतो, त्याची टेकडी बसकी होते. कुसळं एकमेकांत अडकतात, एकमेकांना धरून ठेवतात, त्यांची रास उभी राहते. जगातल्या मोठ्या गणितज्ञांपैकी एक माणूस खळ्यावर थांबतो, दाण्यांचा स्वभाव पाहतो आणि त्या स्वभावाला तीन अपूर्णांक देतो, याचं मला अतिशय अप्रूप वाटतं. त्याच ग्रंथाच्या आरंभी मापंही आहेत: चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण, सोळा द्रोणांची खारी. आणि एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल असं पात्र म्हणजे मगधाची खारी. माप म्हणजे मोजून घडवलेली रिकामी जागा, हे तिथे स्वच्छ सांगितलेलं आहे.

दाण्यांमधल्या या जागेचा पाठपुरावा पुढे अनेकांनी केला. सारख्या आकाराचे गोळे कितीही हुशारीने रचले तरी जागेच्या ७४ टक्क्यांहून थोडंसंच अधिक व्यापता येतं, असा अंदाज योहान्नेस केप्लरने १६११ साली मांडला, आणि तो सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं. थॉमस हेल्स या गणितज्ञाने ते काम केलं. पण हे झालं नीट रचण्याचं. गोळे नुसते ओतले आणि हलवून बसवले तर ते ६४ टक्क्यांच्या आसपास अडून बसतात. साबुदाण्याची बरणी घ्या, हेच घडत असतं. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी चपट्या चॉकलेटच्या गोळ्या भांड्यात ओतून पाहिल्या, तेव्हा त्या ६८ टक्क्यांपर्यंत दाट बसल्या. आकार गोलापासून जरा ढळला की दाण्याला वळायला, कुशीला जागा शोधायला वाव मिळतो. म्हणून प्रत्येक धान्याची वाटी वेगळी.

तराजूची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. तोळा, छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा म्हणजे ऐंशी तोळ्यांचा शेर, आजच्या हिशेबात सुमारे ९३३ ग्रॅम. पण हा एकच शेर सगळीकडे नव्हता. मुंबईचा जुना शेर त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. शिवाय वजनाचाही शेर आणि मापाचाही शेर; माणसं ओघातच ओळखायची कुठला ते. १९५६ साली देशात वजन-मापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून बाजारात किलोग्रॅम यायला लागला, आणि काही वर्षांतच दुकानांतले शेर, पावशेर मागे पडले. वाण्याकडे किलो आला, पण ओट्यावर वाटीच राहिली. कायदा दुकानात शिरतो, मापनपट्टी आणि शिक्के घेऊन. तो कणकेच्या डब्यापर्यंत पोचत नाही.

खुद्द किलोग्रॅमचा जन्मही एका भांड्यातच झालेला आहे. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये १७९५ साली ठरलं, की वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घन सेंटिमीटर पाण्याचं जे वजन, तो ग्रॅम. एक लिटरचं पात्र पाण्याने भरा, तो किलोग्रॅम. पुढे १७९९ साली त्या वजनाचा प्लॅटिनमचा दंडगोल बनला, १८८९ साली प्लॅटिनम आणि इरिडियमचा दुसरा दंडगोल मान्य झाला, आणि किलोग्रॅम पाण्यापासून सुटून धातूत स्थिरावला. १९०१ ते १९६४ या काळात तर उलटं झालं: एक किलो शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापेल तेवढा लिटर, असं ठरलं, आणि त्यामुळे लिटर घन डेसिमीटरपेक्षा दशलक्षात २८ भागांनी मोठा भरला. २०१९ पासून किलोग्रॅम धातूच्या दंडगोलावरही अवलंबून नाही. त्याची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते. तरी आपल्या घरापुरतं १७९५ सालचं सत्य अजून खरं आहे. पाण्यापुरते वाटी आणि तराजू एकमेकांना शब्द देतात: जितके मिलिलिटर, तितके ग्रॅम. पाण्यापासून जितकं दूर जाल तितका हा शब्द सैल होत जातो.

माझी भाची जर्मनीत असते. तिथल्या स्वयंपाकघरात वजनकाटा ओट्यावरच असतो, पाककृती ग्रॅममध्ये छापलेल्या असतात. गणपतीच्या आधी तिचा फोन आला. “मावशी, आजीच्या वहीत सगळं वाटीत आहे. वाटी म्हणजे किती ग्रॅम?” मी तिला म्हटलं, “कसली वाटी, ते सांग. पाण्याची की पिठाची?” ती क्षणभर गप्प राहिली आणि मग हसली, कारण प्रश्न कुठे आहे ते तिला तिथेच कळलं होतं. मग मी आईची वाटी काढली. पितळी, जरा आत वळलेल्या काठाची, तळाशी नाव कोरलेली. काट्यावर ठेवून आधी तिचा भार वजा केला, आणि एकेक जिन्नस तिच्यात भरत गेले.

पाणी १८० ग्रॅम भरलं. म्हणजे वाटी १८० मिलिलिटरची. भात शिजवायच्या विजेच्या कुकरबरोबर जो कप येतो, नेमकी तेवढी. तेल तेवढ्याच वाटीत १६५ ग्रॅम, कारण ते पाण्याहून हलकं. मध अडीचशेच्या वर. तांदूळ, साखर, हरभऱ्याची डाळ दीडशेच्या आसपास एकमेकांजवळ बसली. रवा त्यांच्या खाली उतरला. बेसन डब्यातून वाटीनेच उपसलं तर एक आकडा, चाळून चमच्याने अलगद भरलं तर त्याच्या कितीतरी कमी. पातळ पोह्यांनी तांदळाचा तिसरा हिस्साही गाठला नाही. आणि पोहे म्हणजे तांदूळच, भिजवून, भाजून, चेपून हवेच्या हवाली केलेले. ओलं खोबरं मोकळं भरलं की हलकं, बोटांनी दाबलं की जड. गूळ चिरलेला एक, किसलेला दुसरा, खडा तर वाटीत मावतच नाही. त्या दुपारी मला आमच्या घराचे सगळे डबे नव्याने भेटले.

या मांडणीत एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. अख्खी धान्यं आणि डाळी आपापसांत फारशा भांडत नाहीत. चकलीच्या भाजणीचं आमचं प्रमाण आहे चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, थोडी मुगाची. हे वाटीत घ्या किंवा चार-दोन-एक याच हिशेबाने तोलून घ्या, भाजणी जवळपास तीच होते. पण त्यातच जे वाटीभर पोहे घालतो, ते तोलून तांदळाच्या चौथ्या हिश्शाने घातले तर पोह्यांचा ढीग होईल आणि चकलीचा पोत बदलेल. खरी ओढाताण पिठांशी आहे, पोह्यांशी, खोबऱ्याशी, गुळाशी, मिठाशी. जिथे दळलं, चेपलं, किसलं, तिथे हवेचा वाटा माणसाच्या हाताने ठरला, आणि त्याला एकच आकडा चिकटवता येत नाही.

मोदकाची उकड पाहा. एक वाटी पिठी, एक वाटी पाणी. पिठी जुनी, कोरडी असेल तर पाण्याचा हात थोडा सैल. घरोघर हेच सांगतात. ते ऐकून कुणी शंभर ग्रॅम पिठीला शंभर ग्रॅम पाणी घेतलं तर उकड कोरडी होईल, पाऱ्या करताना कडा फाटतील. वाटीभर पिठीचा भार वाटीभर पाण्याच्या भारापेक्षा खूप कमी, तीन पंचमांशाच्या आसपास. म्हणजे वाटीच्या भाषेतलं ‘जेवढ्यास तेवढं’ काट्याच्या भाषेत ‘दीडपटीहून थोडं जास्त पाणी’ होतं. भाचीला मी शंभर ग्रॅम पिठीला दीडशे-एकशेसाठ ग्रॅम पाणी लिहून दिलं, आणि शेजारी लिहिलं: आंबेमोहोराची ताजी पिठी असेल तर दीडशेच, झाकून वाफ आणल्यावर मळताना लागेल तसा पाण्याचा हात.

मिठाच्या बाबतीत हा फरक चवीपलीकडे जातो. पाच मिलिलिटरच्या चमच्यात नेहमीचं बारीक मीठ सहा ग्रॅम मावतं; पोकळ पापुद्र्यांचं मीठ त्याच चमच्यात तीन ग्रॅमच. आमटीत हे चाखून सावरता येतं. कैरीच्या लोणच्यात तसं नाही, कारण तिथे मीठ रक्षक असतं. ते कमी पडलं तर बरणी वर्षभर तग धरत नाही. म्हणून जुन्या बायका लोणच्याचं मीठ ठरलेल्या प्रकारचंच घ्यायच्या, जाडं ते जाडं, आणि ते कुटून, भाजून, एकाच भांड्याने मोजायच्या. त्यांनी वजन केलं नाही, पण वजन बदलू नये म्हणून जे जे करायला हवं, ते सगळं केलं.

इथेच मला वाटीचा मोठेपणा दिसतो. वाटी प्रमाण सांभाळते. तुमची वाटी लहान असो, माझी मोठी. एकदा हातात घेतली ती शेवटपर्यंत बदलायची नाही, एवढा एक नियम पाळला की पदार्थ जमतो. कोल्हापुरातल्या बाईला आणि मालवणातल्या बाईला एकसारखी वाटी लागत नाही. लागतं ते नातं, पिठाचं पाण्याशी, साखरेचं रव्याशी. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं आणि लाखो घरांत पोचलं, त्यात या वाटी-चमच्याच्या प्रमाणाचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. नवी नवरी, वसतिगृहातून खोलीत राहायला गेलेला मुलगा, परगावी बदली झालेली नोकरदार. कुणाकडेही तराजू नव्हता आणि वाटी सगळ्यांकडे होती. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या बॉस्टनच्या पाकशाळेच्या पुस्तकात काठाशी सुरी फिरवून सपाट केलेल्या कपाचा आणि चमच्याचा आग्रह धरला, तोही याच गरजेतून. ‘मूठभर’ आणि ‘अंदाजाने’ यांच्या जागी त्यांनी सर्वांना साधेल असं एक माप ठेवलं. तिथला कप आज २४० मिलिलिटरच्या घरात धरतात, दुसरीकडे २५०. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटर, इतरत्र बहुतेक ठिकाणी १५. वाटी प्रवासाला निघाली की देशोदेशी थोडी लहान-मोठी होते.

काट्याचा मोठेपणा वेगळा आहे, आणि तोही मला तितकाच प्रिय आहे. काटा हात बदलला तरी बदलत नाही. २४० मिलिलिटरच्या कपात मैदा अलगद भरला तर १२० ग्रॅम, दाबून उपसला तर दीडशेपर्यंत. एवढ्या फरकाने केक फुलतो किंवा बसतो. काट्यावर १२० म्हणजे १२०, पुण्यात आणि म्युनिकमध्ये. आईच्या वहीतला पदार्थ तिच्या वाटीपासून, तिच्या चाळणीपासून, तिच्या हाताच्या सवयीपासून सुटून दुसऱ्या देशात पोचायचा असेल, तर ग्रॅम हेच त्याचं पारपत्र. भाचीच्या घरी आईची वाटी नाही. तिला नातं तर मिळायलाच हवं, पण त्याबरोबर ते नातं ज्या जिनसांमध्ये होतं त्या जिनसा किती दाट, किती मोकळ्या होत्या, हेही मिळायला हवं.

लग्नात उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवतात आणि नवी सून ते पायाने लवंडून आत येते. दाणे घरात सांडतात, सगळीकडे पसरतात, आणि मापात कोंडलेली हवा मोकळी होते. त्या सोहळ्यात धान्याबरोबर मापालाही मान आहे. आपल्या पूर्वजांनी घराची समृद्धी मोजली ती रिकाम्या जागेत काय आणि किती भरता येतं यावरून. तो मान मला पाककृतीच्या वहीतही हवा आहे. तिथे फक्त शेवटची बेरीज नको, भरण्याची रीतही नोंदलेली हवी.

तेव्हा ज्यांच्या घरी जुनी वही आणि जुनी वाटी दोन्ही अजून आहेत, त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. ती वाटी पाण्याने भरून तोला आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा: आमची वाटी एवढ्या मिलिलिटरची. मग तुमच्या घरात जे पदार्थ होतात, त्यांच्या जिनसा त्याच वाटीत, जशा तुमची आई किंवा सासूबाई भरत तशाच भरा आणि तोला. आकड्यापुढे एक शब्द जोडा: चाळलेलं, चेपलेलं, शिगेचं, सपाट, जाडं, ताजं दळलेलं. शक्य असेल तर ज्या हातांनी वर्षानुवर्षं भरलं, त्याच हातांना भरू द्या आणि तुम्ही आकडा टिपून घ्या. तो शब्द लिहिला नाही तर आकडा अर्धवट राहतो, आणि आकडा लिहिला नाही तर तो शब्द दुसऱ्या घरी पोचत नाही. वाटी आणि काटा यांचं भाषांतर कुठल्याही तयार तक्त्यातून पुरतं होत नाही. ते आपल्या डब्यांपाशी उभं राहून, आपल्या वाटीनेच करावं लागतं. आणि एकदा नीट केलं की ते पुढच्या दोन-तीन पिढ्यांना पुरतं.